पहिल्या क्रमांकाचा कारभारी

श्रोते हो, एकत्र कुटुंबांत भांडण लागतें तें जमिनीवरून किंवा दागिन्यांवरून, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्यांनीं अशीं कुटुंबें जवळून पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, पुष्कळदां खरा वाद असतो तो घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात, एवढ्याच गोष्टीचा. आज मी ज्या वाटणीची हकीकत सांगणार आहें ती अशीच किल्ल्यांवरून झाली. मात्र तें कुटुंब कोंकणांतलें नव्हे कीं देशावरचें नव्हे. त्याचे सभासद जगभर विखुरलेले आहेत, त्यांपैकीं पुष्कळांनीं एकमेकांचीं तोंडेंहि पाहिलेलीं नाहींत, आणि त्यांची सामाईक मिळकत म्हणजे संगणकाच्या आज्ञावलींचा एक प्रचंड संग्रह. त्या संग्रहाचें नांव डेबियन.

ही हकीकत माझ्या कानीं आली ती योगायोगानें. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला, खडूफळ्याच्या संगतींत आयुष्य काढलेला मुलुंडचा एक निवृत्त शिक्षक. माझा भाचा एका कचेरींत संगणकांची देखभाल करतो. त्यानें आपला जुना संगणक साफसूफ करून व त्यावर डेबियन चढवून मला वापरावयास दिला. पुढें एके रविवारीं त्याचा एक मित्र त्याच्याबरोबर घरीं आला. तें यंत्र पाहून तो म्हणाला, "सर, बाकी सगळें ठीक आहे, पण आंत कारभारी चुकीचा बसवला आहे." झालें! त्यावरून दोघांची जी जुंपली ती चहा गार होईपर्यंत थांबली नाहीं. दोघेहि शहाणे, एकाच व्यवसायांतले, एरवीं जिवलग. एवढें काय आहे त्या कारभाऱ्यांत, म्हणून मीं दोघांस समोर बसवून विचारलें. त्यांनीं सांगितलेलें, आणि मागाहून मीं स्वतः वाचून पडताळून घेतलेलें, तेवढें आपणांपुढें ठेवतों.

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जो थोडा वेळ जातो त्यांत आंत बरेंच कांहीं घडत असतें. प्रथम प्रणालीचा गाभा जागा होतो. त्यास कर्नेल म्हणतात. स्मृति किती आहे, डिस्क कोठें आहे, कळफलक जोडला आहे कीं नाहीं, अशी झाडाझडती घेऊन झाली म्हणजे कर्नेल एकच आज्ञावली स्वतः चालू करतो आणि तिला क्रमांक देतो १. इंग्रजींत तिला ‘इनिट’ म्हणतात. अर्थ, आरंभ करून देणारी. आमच्या त्या पाहुण्यानें वापरलेला कारभारी हाच शब्द मला अधिक आवडला. यापुढें कर्नेल पडद्याआड राहतो. घड्याळ लावणें, इंटरनेटशीं संबंध जोडणें, छपाईच्या यंत्राची चौकशी करणें, वापरणाऱ्याला नांव विचारणें, या प्रत्येक कामाची निराळी आज्ञावली असते, आणि त्या सर्वांना उठवून कामाला लावतो तो हा कारभारी. कर्नेलचीं खाजगी कामें सोडलीं तर यंत्रांत चालू असलेली प्रत्येक आज्ञावली दुसऱ्या कोणाच्या तरी पोटीं जन्मास आलेली असते, आणि ती वंशावळ चढत गेलें तर शेवटीं क्रमांक १ पाशींच जाऊन पोंचते. आईबाप आधीं गेले आणि मूल मागें राहिलें, तर त्या अनाथाला बहुधा क्रमांक १ च दत्तक घेतो. दुसरी कोणतीहि आज्ञावली बंद पडली तरी घर चालूं शकतें. क्रमांक १ मेला तर कर्नेल सारा व्यवहार जागच्या जागीं थांबवतो. अशा जागेवर कोणास बसवावें याविषयीं माणसें हळवीं असतात, यांत नवल नाहीं.

आतां त्या कुटुंबाविषयीं थोडेंसें. हेलसिंकीच्या लायनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें लिनक्स नांवाचा कर्नेल लिहून लोकांस खुला केला. परंतु नुसता कर्नेल म्हणजे डब्यांवांचून इंजिन. त्याला हजारों आज्ञावली जोडून, त्या एकमेकींशीं जुळवून घेऊन, घरीं नेऊन वापरतां येईल असा संच कोणी तरी सिद्ध करावा लागतो. असे संच अनेकांनीं काढले. त्यांपैकीं डेबियनचा आरंभ ऑगस्ट १९९३ मध्यें इयान मर्डॉक यानें केला. डेब्रा ही त्याची प्रेयसी, आणि दोघांचीं नांवें जोडून संचाचें नांव झालें. याला मालक नाहीं. सुमारें एक हजार सभासद वेतनाशिवाय तो सांभाळतात. त्यांची लेखी घटना १९९८ पासून आहे, त्यांचा अध्यक्ष दरवर्षीं निवडला जातो, आणि तांत्रिक तंटे सोडविण्यास एक समिति आहे. पुष्कळांनीं ऐकलेला उबुंटू हा संच डेबियनच्याच पायावर उभा आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हें सारें ज्या परवान्यांखालीं दिलें जातें त्यांनीं कोणालाहि तें वापरण्याची, उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि बदललेलें पुन्हां वांटण्याची मोकळीक दिलेली आहे. हें कलम ध्यानांत ठेवावें. पुढची सगळी कथा त्यावर आहे.

डेबियनच्या घरांत पुष्कळ वर्षें जो कारभारी होता त्याची रीत अमेरिकेच्या ए. टी. अँड टी. कंपनीनें १९८३ मध्यें काढलेल्या युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या आवृत्तीवरून घेतलेली होती. ती समजण्यास मला माझ्या शाळेंतला जुना शिपाई आठवला. त्याच्याजवळ एक यादी असे. आधीं फाटक, मग कचेरी, मग पाण्याची टांकी, मग वर्ग एकापासून पुढें, शेवटीं घंटा. एक कुलूप उघडल्याखेरीज तो दुसऱ्याकडे वळत नसे. तिसऱ्या वर्गाचें कुलूप अडलें म्हणजे सगळ्या शाळेची घंटा उशिरा. यादी मात्र साध्या अक्षरांत, कोणीहि वाचावी आणि मुख्याध्यापकांनीं पेन्सिलीनें दुरुस्त करावी अशी. जुना इनिट तंतोतंत असाच. त्याच्या याद्यांना क्रमांक घातलेले असतात, त्या त्यानें क्रमानें वाचावयाच्या, आणि बहुतेक गोष्टी एकदां उघडून दिल्यावर पुन्हां तिकडे पाहावयाचें नाहीं. दुपारीं टांकी कोरडी पडली तर शिपायाला त्याची दाद नसे, तसेंच इथें. शिवाय प्रत्येक आज्ञावलीच्या कर्त्यानें आपापली यादी आपल्या मतीप्रमाणें लिहिलेली. कोणाची सुबक, कोणाची शंभर ओळींची आणि चुकांनीं भरलेली.

२०१० मध्यें लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनीं सिस्टिमडी नांवाचा नवा कारभारी पुढें आणला. पॉटरिंग त्या वेळीं रेड हॅट या कंपनींत काम करीत असे. नव्याची रीत वेगळी. कोणास कोणाची गरज आहे हें तो आधीं विचारून घेतो, आणि ज्यांना एकमेकांची वाट पाहण्याचें कारण नाहीं त्यांना एकदम उठवतो. कारकून यावयाचा असला तरी खिडकी तो आधींच उघडून ठेवतो; आलेले अर्ज घेतो, आणि कारकून आला कीं त्याच्या हातीं देतो. प्रत्येकाचें आवार निराळें आंखतो, म्हणजे त्याचीं पोरेंबाळें कोठें गेलीं याचा हिशेब राहतो. कोणी पडला तर त्यास पुन्हां उभा करतां येतो. आणि शंभर ओळींच्या यादीच्या जागीं दहाबारा ओळींचें साधें पत्रक पुरतें. माझा भाचा म्हणतो, "मामा, रात्रीं दोन वाजतां फोन येतो तो आम्हांला. पडलेलें काम आपोआप उभें राहिलें तर आम्ही झोपतों." या युक्तिवादाला उत्तर देणें कठीण आहे.

मग आक्षेप कोणता? आक्षेप असा कीं, हा नुसता कारभारी राहिला नाहीं. घरांतला जमाखर्च त्यानें घेतला, पाहुण्यांची नोंद घेतली, दाराशीं जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था घेतली. पुढें घड्याळ आणि इंटरनेटची जोडणी सांभाळण्याचीहि त्यानें तयारी ठेवली. युनिक्सच्या जुन्या घराण्यांत एका आज्ञावलीनें एकच काम करावें आणि तें चोख करावें, अशी शिकवण होती. येथें एका छत्राखालीं दहा कामें आलीं, आणि तीं एकमेकांत अशीं गुंतलीं कीं एक ठेवून दुसरें काढणें दुष्कर होऊं लागलें. जमाखर्चाची गोष्ट तर विशेष झोंबली. पूर्वीं यंत्रांतील घडामोडींची वही साध्या अक्षरांत असे. सिस्टिमडीची वही त्याच्याच सांकेतिक लिपींत असते आणि ती वाचण्यास त्याचीच आज्ञावली लागते. ज्यांच्या घरीं पणजोबांच्या वेळचे मोडी कागद पेटींत पडून आहेत आणि वाचणारा कोणी नाहीं, त्यांना या तक्रारींतला कळवळा समजेल. नव्या पक्षाचें उत्तर असें कीं, ती वही शोधण्यास सोपी आहे, आणि हवी असेल तर साध्या अक्षरांतील वहीहि शेजारीं ठेवतां येते. हें खरें आहे. आणखी एक अडचण म्हणजे सिस्टिमडी फक्त लिनक्स कर्नेलवरच चालतो. डेबियनच्या घरांत त्या वेळीं फ्रीबीएसडी नांवाच्या दुसऱ्या कर्नेलवर चालणारीहि एक शाखा होती.

रेड हॅटच्या आश्रयाखालील फेडोरा या संचानें मे २०११ मध्यें सिस्टिमडी स्वीकारला. उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीचा स्वतःचा अपस्टार्ट नांवाचा कारभारी २००६ पासून होता. पण त्यांत भर घालणाऱ्यानें कंपनीशीं एक करार करावा लागे, तो पुष्कळांना रुचत नसे. डेबियननें आपला जुनाच ठेवावा, सिस्टिमडी घ्यावा, कीं अपस्टार्ट? ऑक्टोबर २०१३ मध्यें हा प्रश्न तांत्रिक समितीकडे गेला. समितीचे सभासद आठ. महिनेच्या महिने वाद चालला. त्यांतील कांहीं टिपणें विद्वत्तेचा नमुना म्हणून वाचावींत अशीं आहेत, आणि बाहेरून आलेलीं कांहीं पत्रें वाचूंच नयेत अशीं. अखेर चार मतें सिस्टिमडीच्या बाजूला आणि चार अपस्टार्टच्या बाजूला पडलीं. समितीचे अध्यक्ष ब्डेल गार्बी यांनीं ११ फेब्रुवारी २०१४ रोजीं आपलें निर्णायक मत सिस्टिमडीच्या पारड्यांत टाकलें. तीनच दिवसांनीं उबुंटूच्या मार्क शटलवर्थनें आपला पराभव खिलाडूपणें मान्य करून आपणहि सिस्टिमडीच घेऊं असें जाहीर केलें. या वादांत इतका दिलदारपणा फार थोड्यांनीं दाखविला.

मला येथें थोडें थांबावेंसें वाटतें. आठांत चार-चार, आणि नवव्या मतानें निकाल! नियमाप्रमाणें तो अगदीं बिनचूक होता; नियम नसतां तर निकालच लागला नसता. तरीहि अर्धें घर ज्याला नको म्हणतें तो कारभारी एका मतानें आला, ही गोष्ट मनांत राहते. शाळेच्या कमिट्यांत मीं हें पाहिलें आहे. हरलेला माणूस हरल्याबद्दल रागवत नाहीं. तो रागवतो तें पुढें काय करावें हें त्याला न सांगितल्याबद्दल. डेबियनमध्यें नेमकें हेंच घडलें. समितीनें नवीन यंत्रावर आपोआप कोण बसेल एवढेंच ठरविलें होतें. दुसरा कारभारी ज्याला हवा असेल त्याची सोय राखणें इतरांवर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न इयान जॅक्सन यांनीं सर्व सभासदांपुढें आणला. हे स्वतः समितींत होते आणि त्यांचें मत अपस्टार्टला पडलें होतें. कोणत्याहि आज्ञावलीनें विशिष्ट कारभाऱ्याचा हट्ट धरूं नये, असा त्यांचा ठराव. त्यावर उपसूचना आल्या आणि मतपत्रिकेवर पांच पर्याय झाले. डेबियनमध्यें मतदार एकाच पर्यायावर खूण करीत नाहीं. तो पसंतीचा क्रम लावतो, आणि प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशीं जोडीजोडीनें कुस्ती लावली जाते. नोव्हेंबर २०१४ मध्यें निकाल लागला. निवडून आलेल्या पर्यायाचा आशय असा : या विषयावर सर्वसाधारण ठरावाची आवश्यकता नाहीं! हें ऐकून मला आधीं हसूं आलें. पण विचार करतां वाटलें, त्यांतहि शहाणपण असेल. मोठ्या बहुसंख्येनें कोणास तरी चिरडण्यापेक्षां, रोजचें काम करणारे आपसांत मिटवतील असें म्हणणें बरें. दुसरी बाजू म्हणते, न बोलणें म्हणजे जें चाललें आहे त्याला संमति देणें. दोन्ही म्हणणीं खरीं आहेत.

त्या एका महिन्यांत घराच्या भिंती हादरल्या. समितीच्या आठांपैकीं तिघांनीं राजीनामे दिले. जोई हेस हा अठरा वर्षांचा सभासद डेबियन सोडून गेला. सिस्टिमडीची डेबियनमधील देखभाल करणाऱ्यांपैकींहि एकजण छळाला कंटाळून बाजूस झाला. पॉटरिंग यांस तर धमक्या आल्याचें त्यांनीं आदल्याच महिन्यांत उघड लिहिलें होतें. एका आज्ञावलीपायीं माणसाच्या जिवावर उठण्याची भाषा करणाऱ्यांना मी कोणत्याच पक्षांत धरीत नाहीं.

आणि २७ नोव्हेंबर २०१४ रोजीं कांहीं जणांनीं वेगळी चूल मांडल्याचें जाहीर केलें. स्वतःला ते युनिक्सचे जुने जाणते व्यवस्थापक म्हणवीत. इंग्रजींतील त्या नांवाचीं आद्याक्षरें डेबियनच्या नांवांत घालून त्यांनीं संचाचें नांव केलें डेवुआन. उच्चार मात्र ते ‘डेव्ह-वन’ असा करतात. यासाठीं त्यांना कोर्टांत जावें लागलें नाहीं, कोणाची सही घ्यावी लागली नाहीं, वाटणीपत्र करावें लागलें नाहीं. मघाशीं जें कलम ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें तें येथें उपयोगी पडलें. शिवाय आपल्या घरांतल्या वाटण्यांत भांडीं अर्धीं होतात. येथें दोघांनाहि सगळीं भांडीं मिळालीं.

परंतु चूल मांडणें निराळें आणि तिच्यावर रोज दोन वेळचा स्वयंपाक करणें निराळें. घोषणेनंतर डेवुआनची पहिली पक्की आवृत्ति निघावयास २५ मे २०१७ उजाडला. म्हणजे अडीच वर्षें. हजारों आज्ञावली पुन्हां लिहिणें त्या मूठभर माणसांना शक्यच नव्हतें. त्यांनीं युक्ति केली ती अशी : धान्य डेबियनच्याच कणगींतलें घ्यावयाचें, ज्या थोड्या गोष्टींत सिस्टिमडी कालवलेला आहे तेवढ्याच निवडून, पाखडून, नव्यानें बांधावयाच्या. तरीहि पेंच आला. कांहीं लोकप्रिय आज्ञावली पाहुण्यांच्या नोंदीसाठीं सिस्टिमडीच्याच एका अवयवावर विसंबून असत. मग तो अवयव कापून स्वतंत्र केलेला, दुसऱ्यांनीं सिद्ध केलेला तुकडा आणून बसवावा लागला. ज्याच्यापासून दूर जावयाचें त्याचाच एक भाग उचलून न्यावा लागला! माझ्या भाच्यानें हें सांगतांना मित्राकडे पाहून डोळे मिचकावले. मित्र शांतपणें म्हणाला, "तुकडा आणला, कारभारी नाहीं आणला."

श्रोते हो, असा प्रकार आपल्या ओळखीचा नाहीं काय? केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ मध्यें आकाशांतील प्रत्यक्ष स्थितीशीं जुळणारें पंचांग सुरू केलें. आश्रयदात्याच्या नांवावरून त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनीं त्या मताचा पुरस्कार केला, आणि टिळक पंचांग त्याच परंपरेंतलें. राशिचक्राचा आरंभ रेवतींतील एका ताऱ्यापासून मोजावा, असें त्या पक्षाचें मत. दुसरा पक्ष चित्रेच्या समोरील बिंदूपासून मोजतो. दोहोंत अंतर सुमारें चार अंशांचें. एरवीं तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. पण अधिक मास कोणता धरावयाचा यांत एखाद्या वर्षीं फरक पडतो, आणि मग एकाच गांवांत दोन घरांचे गणपति महिन्याच्या अंतरानें येतात. २०२३ मध्यें कोंकणांतील टिळक पंचांग मानणाऱ्या घरीं गणपति ऑगस्टमध्येंच आले. बाकी महाराष्ट्रांत गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला झाली. सरकारी सुटी अर्थातच सप्टेंबरची. ऑगस्टांत गणपति आणणाऱ्या मुंबईच्या नोकरदाराला आपल्या पदरची रजा काढावी लागली. त्याला कोणी अडविलें नाहीं, कोणी वाळींत टाकलें नाहीं. फक्त जगाचें घड्याळ दुसऱ्या हिशेबानें लावलेलें, आणि प्रत्येक वेळीं जुळवून घेण्याचें काम त्याचें. डेवुआनचें नेमकें हेंच आहे. बाहेरच्या आज्ञावली लिहिणारे आपल्यासमोर सिस्टिमडी आहे असें गृहीत धरून चालतात. वेगळें राहणाऱ्याला दर आवृत्तीस आपली रजा आपण काढावी लागते. डेबियनची बारावी आवृत्ति १० जून २०२३ ला आली. तिच्यावरून डेवुआननें आपली आवृत्ति ऑगस्टांत काढली.

मागें राहिलेल्या घरांतहि गोष्ट तेथेंच थांबली नाहीं. डिसेंबर २०१९ मध्यें डेबियनच्या सभासदांनीं पुन्हां मत दिलें, आणि या वेळीं स्पष्ट बोलले : आमचा भर सिस्टिमडीवर राहील, मात्र दुसरे पर्याय धुंडाळणाऱ्यांना आमचा पाठिंबा आहे. पांच वर्षांपूर्वीं जें सांगावयास हवें होतें तें एकदांचें सांगितलें. अंगणापलीकडे दुसरी चूल पेटलेली दिसत नसती तर ‘मात्र’ या शब्दानंतरचें वाक्य मतपत्रिकेवर इतक्या सहज टिकलें असतें, असें मला वाटत नाहीं. हें माझें अनुमान आहे. भाच्याला तें मान्य नाहीं.

मी स्वतः कोणाच्या बाजूचा, असें दोघांनींहि मला विचारलें. कामाच्या दृष्टीनें नवा कारभारी अधिक कर्तबगार आहे, हें मला पटलें आहे, आणि माझ्या यंत्रांत तो राहील. परंतु ज्यांनीं नापसंती दाखवून नुसता आरडाओरडा केला त्यांच्यापेक्षां, ज्यांनीं पदरमोड करून, रात्री जागवून, पहिल्या दिवसापासून धान्य पाखडलें, त्यांच्याविषयीं मला आदर वाटतो. त्यांची संख्या थोडी आहे आणि थोडीच राहील. त्यांतला एखादा आजारी पडला तर दुसरा कोण, ही चिंता त्या पाहुण्यानें बोलून दाखविली नाहीं. पण मला ती त्याच्या बोलण्यांत जाणवली.

त्या दिवशीं त्याच्या पिशवींत त्याचा स्वतःचा लहान संगणक होता. तो त्यानें माझ्या यंत्राशेजारीं ठेवला. पडद्यावर दोन्हींकडे तेंच चित्र, तींच मराठी अक्षरें, पत्र लिहिण्याची तीच सोय. माझ्या बायकोला कोणता कोणाचा हें ओळखतां आलें नाहीं. मग भाच्यानें दोन्ही यंत्रांना एकच छोटी आज्ञा दिली, कीं पहिल्या क्रमांकावर जो बसला आहे त्याचें नांव सांग. माझ्या यंत्रानें उत्तर दिलें, सिस्टिमडी. त्याच्या यंत्रानें दिलें, इनिट. दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि बायको दुसरा चहा टाकावयास आंत गेली.